सावली उजवीकडे हवी

फोटो हातात घेतला की पाटणकर काका तो आधी उलटा करत. पक्षी, पाणी, वाळू सगळं पालथं पडे आणि वर येई ती मागची पांढरी बाजू. हिवाळ्यातलं चार वाजताचं ऊन बालीगंजच्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या व्हरांड्यात लाकडी झडपांच्या फटींमधून तिरप्या पट्ट्यांनी उतरे, आणि त्यातल्या एका पट्टीत नेमका फोटो धरून काका मागचा मजकूर ओठांतल्या ओठांत वाचत. मग ब्लेडने पेन्सिलीला टोक काढण्याचा कुरकुर आवाज, एक फुंकर, वर्तमानपत्रावर पडलेल्या लाकडाच्या सालपटांचा मंद गोड वास. एवढं सगळं झाल्यावर फोटो सुलटा होई. तोवर माझा जीव टांगणीला लागलेला असे. हिवाळा म्हटलं की अजूनही मला थंडी आठवत नाही, ती फुंकर ऐकू येते.

मी बँकेतली बाई. नाशिकहून बदली होऊन कोलकात्यात आले ती एकटीच. लेकीची बारावी आणि नवऱ्याची नोकरी नाशिकला खुंट्याला बांधलेली होती. इथे आठवडा कसाबसा फायलींत बुडून जाई, पण रविवार अंगावर येई. तो भरून काढायला कॅमेरा घेतला. शनिवारी दुपारी बालीगंज स्टेशनवर नामखान्याची गाडी पकडायची, पुढे बसने बकखाली गाठायची, तिथल्या साध्याशा लॉजमध्ये मुक्काम करायचा आणि रविवारी उजाडता उजाडता वाळूत पोटावर पालथं पडायचं. उत्तरेकडच्या थंड मुलखांतून आलेले चिमुकले पक्षी ओहोटीच्या ओल्या वाळूवर लगबग करत असतात. चिखल्या, तुतवार, मधूनच सुरयांचा एखादा थवा. मुठीत मावेल एवढा जीव हजारो मैल उडून येतो आणि आल्या आल्या काही झालंच नाही अशा थाटात किडे टिपायला लागतो, याचं मला पहिल्या दिवशी जे नवल वाटलं ते आजही ओसरलेलं नाही.

त्या वर्षी मराठी मंडळाच्या गणपतीत माझ्या बारा फोटोंचं छोटंसं प्रदर्शन मांडलं होतं. आरती आटोपून, प्रसादाचा द्रोण हातात घेऊन लोक येत, 'वा, किती गोड!' म्हणत आणि पुढच्या खोलीतल्या मसालेभाताच्या वासाकडे सरकत. मला तेवढंही पुरत होतं. कौतुकाची मी पहिल्यापासून हावरी. तेवढ्यात धोतर आणि वर राखाडी स्वेटर घातलेले एक उंच, वाकलेले गृहस्थ पाठीमागे हात बांधून पहिल्या फोटोपासून बाराव्यापर्यंत गेले, बाराव्यापासून पुन्हा पहिल्यापर्यंत आले आणि माझ्यासमोर उभे राहिले.

"तुम्ही काढलेत?"

"हो."

"पाय कुठे आहेत?"

मला आधी कळेचना. मग पाहिलं, तर खरंच, बारापैकी एकाही पक्ष्याला धड पाय नव्हते. मी प्रत्येक फोटो चारी बाजूंनी कापून घेतला होता. डोळा, चोच, छातीवरची पिसं, मागे धुकट निळं पाणी. पाय चिखलात माखलेले, काटकुळे. ते मला शोभेचे वाटले नव्हते. मी काहीतरी सारवासारव केली. गृहस्थांनी मान डोलावली आणि म्हणाले, "रविवारी या घरी. मीनू चहा करेल. न कापलेले आणा."

अशी ओळख झाली. पाटणकर काकांचे आजोबा नोकरीसाठी या गावी आले आणि इथलेच झाले. काका इथेच जन्मले, गार्डन रीचच्या जहाजांच्या कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात आयुष्यभर नकाशे तपासत बसले आणि निवृत्त होऊन बालीगंजच्या या भाड्याच्या जुन्या घरात परतले. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. लेक मीनू शाळेत शिकवायची, लग्न केलेलं नव्हतं. काकांचं मराठी ऐकताना मला माझ्या आजोबांच्या पत्रांची आठवण होई, इतकं ते जपून ठेवलेलं होतं. फक्त एखादी गोष्ट पटली नाही की मात्र त्यांच्या तोंडून अस्सल बंगाली 'धुत्!' निघे. मीनूचं मराठी तेवढं घट्ट नव्हतं. पण चहाबरोबर ती शंकरपाळे द्यायची, तेही नलेन गुळातले, म्हणजे खजुरीच्या नव्या गुळातले, आणि असले शंकरपाळे मी महाराष्ट्रात कुठे खाल्लेले नाहीत.

पहिल्याच रविवारी काकांनी मला नियम घालून दिला. फोटो मोबाइलवर दाखवायचा नाही. पोस्टकार्डाएवढा छापून आणायचा. आणि मागच्या बाजूला, उजव्या कोपऱ्यात, एक चौकट आखायची. कारखान्यात म्हणे प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात अशी चौकट असे. ती भरलेली नसेल तर काका नकाशाकडे पाहतही नसत. माझ्या चौकटीत चार गोष्टी हव्यात: तारीख आणि वेळ, भरती की ओहोटी, वारा कसा, आणि कॅमेऱ्याचं तोंड कुठल्या दिशेला.

"दिशा कशाला काका?" मी हसून विचारलं. "पक्ष्याला काय उत्तर नि काय दक्षिण!"

"पक्ष्याला सगळं कळतं. न कळणारी तू," ते म्हणाले. त्या दिवसापासून मी 'तू' झाले.

मग सुरू झालं ते आमचं रविवार-संध्याकाळचं न्यायालय. माझ्या फोटोंवरचे काकांचे शेरे बारीक, सरळ, छापल्यासारख्या अक्षरात मागच्या बाजूला उमटत. 'क्षितिज डावीकडे कलंडलंय. समुद्र सांडेल.' 'डोळा सुरेख. पण उभा कशावर आहे?' 'सुरय उत्तम. खालचं पाणी तोडलंस, मग तो सूर कशात मारणार?' 'पाय.' 'पाय.' एका फोटोवर तर नुसतं 'पा' लिहून सोडून दिलेलं. पुढचं अक्षर लिहिण्याचाही त्यांना कंटाळा आला असावा. आणि सगळ्यांच्या शेवटी तीच एक ओळ, ड्रॉइंग ऑफिसातून घरी आणलेली: 'दुरुस्त करून आण.' नकाशा पास झाला तर तिथे 'मंजूर' लिहीत, असं मीनूने सांगितलं होतं. तो शब्द माझ्या वाट्याला कधी आला नाही.

मला राग यायचा, खोटं कशाला बोलू? तेच फोटो मी पक्षीवेड्यांच्या ग्रुपवर टाकले की पाच मिनिटांत बदामांचा पाऊस पडे. 'अप्रतिम', 'मॅडम, तोड नाही', 'हात चुंबावेसे वाटतात', असं लिहिणारी माणसं जगात असताना हे म्हातारबुवा मात्र पायांवर अडून बसलेले! येताना बसमध्ये मी मनातल्या मनात भांडण काढी, 'आता नाहीच जायचं' असं पक्कं ठरवी, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा चौकटी आखत बसे. कारण एक गोष्ट मला डाचत होती. ग्रुपवरची माणसं फोटो पाहून पुढे जात. काका फोटोकडे पाहत तेव्हा त्यांची मान हळूहळू पुढे येई, श्वास थांबे, भिंग डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत एकेक बोट सरके, आणि त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जे येई ते परीक्षकाच्या चेहऱ्यावर येत नाही. स्टेशनवर आपलं माणूस उतरतंय का हे पाहणाऱ्याच्या चेहऱ्यावर येतं. हे मला दिसत होतं, पण त्याचा अर्थ लागत नव्हता.

दुसऱ्या हिवाळ्यात एकदा माझा तोल सुटला. चांगला फोटो होता; सोनेरी उजेडात वाळूवर बसलेला चिखल्या, पिसं फुगवून गोळा झालेला. काकांनी भिंग फिरवलं, ठेवलं आणि म्हणाले, "बसलेला नको. चालणारा आण."

"काका, एकदा स्पष्ट सांगा बरं! पाय, पाय, पाय! काय आहे त्या पायांत? मी काय चपलांच्या दुकानाचे फोटो काढते का?"

मीनू दारात ट्रे घेऊन थबकली. काका उठले, भिंतीचा आधार घेत आत गेले, बऱ्याच वेळाने एक वही घेऊन आले. जुनी, कापडी बांधणीची. तिच्या एका पानावर पेन्सिलीने काढलेला चिखल्या होता, इतका हुबेहूब की बोट लावलं तर पळेल. तो धावत होता. डावा पाय पुढे पडलेला. उजवा गुडघ्याच्या जरा खाली संपलेला. पुढे काही नाही.

"तुझ्या काकूने पाहिली पहिल्यांदा," काका म्हणाले. "बकखालीलाच. आम्ही दर हिवाळ्यात जायचो. मी आपला जहाजं बघत बसायचो, पक्ष्यांत मला काय कळणार! ती म्हणाली, अहो, ती बघा, लंगडी घालतेय. सांगलीची ना ती, शाळेत लंगडीत पहिली यायची. म्हणाली, सगळ्या दोन पायांवर धावतायत आणि ही एकावर, तरी मागे नाही हं."

पुढच्या हिवाळ्यात लंगडी पुन्हा आली. त्याच्या पुढच्याही. काकू तिला नावाने हाक मारत, आणि ती येईपर्यंत तीन-तीन दिवस काकांना वाळूत बसवून ठेवत. मग काकू गेल्या. त्या वर्षी काका एकटे गेले, जावं की नाही हे न ठरवताच गाडीत बसले, आणि ओहोटीच्या रेषेवर लंगडी होती. "हसशील," ते म्हणाले, "पण मी तिला सांगितलं. म्हटलं, तुला हाक मारणारी नाही आली या वेळी." त्यानंतर तीन हिवाळे ते एकटे जात राहिले आणि लंगडी येत राहिली. मग काकांचं हृदय दमलं. डॉक्टरांनी प्रवास बंद केला. जिने उतरणंसुद्धा महिन्यातून एकदा. लंगडी अजून येते का, हे त्यांना कळायचा रस्ताच उरला नाही. आणि मग मंडळाच्या गणपतीत त्यांना भिंतीवर बकखालीचे बारा चिखल्या दिसले आणि बाराच्या बारा जणांचे पाय मी कापलेले होते.

मी रडले. वही ओली होऊ नये म्हणून मीनूने ती माझ्या हातातून हळूच काढून घेतली.

त्यानंतर मी फोटो काढायला जात नव्हते, लंगडीला शोधायला जात होते. हे काम दिसतं तेवढं सोपं नाही. विश्रांती घेताना हे सगळेच पक्षी एक पाय पोटाखाली घेऊन उभे राहतात. शंभर चिखल्या बसलेले असले तर शंभर लंगड्या दिसतात, आणि त्यातले आळशी तर तशाच एका पायावर उड्या मारत थोडे सरकतातसुद्धा. खरं काय ते चालल्यावरच कळतं. मग मी कोपरांवर सरपटत, तोंडात वाळू घेत, प्रत्येक पक्षी चालायला लागेपर्यंत थांबून राही. लाटेची किनार वर येई, थवा उडे, दोनशे हात पलीकडे उतरे, आणि माझं पुन्हा पहिल्यापासून सुरू. किनाऱ्यावरची कोळीणबाई माझ्याकडे पाहून हसे. 'दीदी, काय हरवलं?' असं एकदा तिने विचारलंही. मी म्हटलं, एक बाई हरवलीय.

दोन हिवाळे मिळून मी काकांसमोर चालणाऱ्या चिखल्यांचे फोटो ठेवत राहिले. अख्खे, न कापलेले, कडेला निम्मा पक्षी घुसलेले, अजागळ. काकांना ते फार आवडत. शेरे मवाळ झाले. 'पाय दोन. हरकत नाही.' 'कडेचा कोण? पुढच्या खेपेस त्याच्याकडे वळ.' ते स्वतः वाळूत गेले नाहीत, पण त्या पोस्टकार्डांवर हिंडून येत. दुधाची तहान ताकावर. फोटो पाहून झाला की झडपांच्या फटीतून बाहेर बघत बसत. खाली फेरीवाल्याची आरोळी, ट्रेनची शिट्टी, समोरच्या गच्चीत वाळत घातलेल्या साड्या. त्यांच्या डोळ्यांना त्यातलं काहीही दिसत नसे, हे मी शपथेवर सांगेन.

चौथ्या हिवाळ्याच्या तोंडावर काका दहा दिवस रुग्णालयात राहून आले. स्वेटर आता त्यांच्या अंगावर टांगल्यासारखा दिसे. पेन्सिलीला टोक काढताना मध्ये दोनदा थांबत. मीनूने मला स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं, "डॉक्टरने म्हटलं, आता जितकं दिवस चाललं तितकं." आणि गॅसकडे तोंड करून दूध उतू जाऊ देऊन तशीच उभी राहिली.

डिसेंबरातल्या एका रविवारी मला ती दिसली. सकाळचे सात वाजून वीस मिनिटं. ओहोटी नुकतीच लागलेली, उत्तरेचा मंद वारा, समोर समुद्र, आणि डाव्या हाताकडून येणाऱ्या कोवळ्या उन्हात थव्याच्या मागोमाग एक चिखल्या टुणटुणत चालला होता. टुण, टुण, थांब. टुण, टुण, थांब. घाईत पहिले सगळे फोटो वाया गेले. मग एक जमला. पाय पूर्ण, सावली पूर्ण, समुद्र न सांडलेला. मी वाळूत उठून बसले आणि मोठ्याने ओरडले, "काकू, आली!" थवा उडून गेला. ज्या बाईला मी कधी पाहिलंही नव्हतं तिला हाक मारताना मला जराही विचित्र वाटलं नाही.

लॉजवर येऊन कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो मोठा केला. संपलेला पाय डावा होता.

वहीतलं चित्र मला पाठ होतं. उजवा. काका चूक करणार नाहीत. ज्या माणसाने आयुष्यभर उजव्याला उजवं आणि डाव्याला डावं ठेवून जहाजं तरंगवली तो माणूस या एका पायात घोटाळा करेल का? म्हणजे ही दुसरी. दुसरी कुठली तरी, दुसऱ्या कुठल्या तरी जाळ्यात पाय गमावलेली. परतीच्या गाडीत शेजारच्या बायका उसाच्या कांड्या सोलत गप्पा मारत होत्या आणि मी खिडकीला डोकं टेकून एकच विचार करत होते, त्या माणसाजवळ किती रविवार उरलेत?

मी जे केलं ते लिहिताना हात अडखळतोय. संगणकावर एक बटण असतं. ते दाबलं की चित्र आरशात पाहिल्यासारखं उलटं होतं, डाव्याचा उजवा. मी ते दाबलं. बुधवारी गडियाहाटच्या दुकानातून फोटो छापून आणला, आणि सवयीने, अगदी हात आपोआप चालतो तसा, मागे चौकट आखली. वेळ लिहिली, सकाळी सात वीस. ओहोटी. वारा उत्तरेचा. तोंड दक्षिणेला. सगळं खरं. पुढच्या बाजूला मी खोटं बोलले होते आणि मागच्या बाजूला खरं, आणि हे मला तेव्हा कळलंसुद्धा नाही.

त्या रविवारी ऊन नेहमीच्याच पट्टीत पडलं होतं. मी फोटो दिला. काकांनी तो उलटा केला, चौकट वाचली, पेन्सिल न उचलताच तो सुलटा केला. भिंग घेतलं. भिंग पायापाशी बराच वेळ थांबलं. मग ते हळूहळू वाळूवर सरकलं, तिथे थांबलं, आणि पुन्हा पायापाशी आलं. काकांनी भिंग खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. इतकं मायेने त्यांनी माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं.

"आली म्हणायची," ते म्हणाले.

"आली काका," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला.

"राहू दे माझ्याजवळ. सावकाश लिहितो." मग मीनूला हाक मारून त्यांनी शंकरपाळे मागवले आणि मला आग्रह करकरून खाऊ घातले. काकूंच्या लंगडीच्या गोष्टी सांगितल्या, सांगलीच्या शाळेतल्या. खूप हसले, हसताना दम लागला तरी हसले. निघताना मी जिन्यात थांबून डोळे पुसले आणि स्वतःला बजावलं की चांगलं केलंस, एका पायाने कुणाचं काय बिघडतं.

जानेवारी संपता संपता, दुपारच्या झोपेत, पाटणकर काका गेले.

फेब्रुवारीत मीनूने मला बोलावून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा दिला. "बाबांनी तुमच्यासाठी रचून ठेवलंय," ती म्हणाली. माझे सगळे फोटो तारीखवार लावलेले होते, दोऱ्याने बांधलेले. मी व्हरांड्यातच बसले. हात आपोआप गेला तो सगळ्यात वरच्या फोटोवर, आणि काकांच्याच सवयीने मी तो आधी उलटा केला. माझ्या चौकटीखाली त्यांचं अक्षर होतं. थरथरलेलं, पण ओळ सरळ.

'सकाळी सात वीस. तोंड दक्षिणेला. म्हणजे ऊन डावीकडून, सावली उजवीकडे हवी. ती डावीकडे पडली आहे. फोटो उलटा छापला. पाय डावा. आपली नाही.'

खाली एक ओळ सोडून:

'दुसरी आहे. हीसुद्धा एका पायाने एवढं अंतर आली. तिचं तिला श्रेय दे. तिला आपली करण्यासाठी तिचा पाय बदलू नये.'

आणखी खाली, अक्षर अजून बारीक:

'पोरीने माझं मन राखलं. तिला बोलायचं नाही. हिच्या काकूला आवडली असती.'

आणि मग तीच जुनी ओळ. 'दुरुस्त करून आण.'

मीनू शेजारी येऊन बसली. मी तिला सगळं सांगितलं, पहिल्यापासून. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, "बाबा त्या दिवशी रात्री जेवताना म्हणाले होते, कुणीतरी माझ्यासाठी सूर्य पश्चिमेला उगवायला लावला. मला वाटलं, औषधामुळे बोलतायत." आणि आम्ही दोघी एकदम हसलो आणि मग हसू कुठे संपलं आणि रडू कुठे सुरू झालं ते सांगता येणार नाही.

दुसऱ्याच दिवशी मी फोटो सुलटा छापून आणला. डावा पाय संपलेला, सावली उजवीकडे. चौकटीत काहीच बदलावं लागलं नाही. ती पहिल्यापासून बरोबर होती. डब्यात तो उलट्या फोटोच्या वर ठेवला. उलटा फाडावासा वाटला होता, पण त्याच्या पाठीवर काकांचं अक्षर आहे.

माझी बदली अजून झालेली नाही. या हिवाळ्यातही मी बकखालीला जाते. डावीकडून ऊन येतं, सावल्या उजवीकडे लांबतात, आणि मी पोटावर पडून एकेका पक्ष्याच्या चालण्याची वाट पाहते. डाव्या पायाची ती एकदा दिसली. उजव्या पायाची अजून नाही. महिन्यातून एका रविवारी मी व्हरांड्यात जाऊन मीनूला फोटो दाखवते. तिला पक्ष्यांतलं काही कळत नाही, पण तीही आता आधी मागची बाजू वाचते. आणि चौकटीखाली मी दर वेळी दोन बोटं जागा कोरी सोडते, कारण जो माणूस प्रत्येक गोष्ट सावकाश तपासायचा तो आता कुठे घाई करणार आहे.